अस्तित्वात नसलेली नोंद काढायला सांगितली, तर एपीआयने काय उत्तर द्यावे?

एखाद्या सॉफ्टवेअरला ‘अमुक क्रमांकाची नोंद काढून टाक’ अशी आज्ञा मिळते आणि ती नोंद तिथे मुळातच नसते, तेव्हा त्याने काय उत्तर द्यावे? ‘काम झाले’ म्हणावे, की ‘अशी नोंद सापडली नाही’ म्हणून एरर पाठवावी? प्रश्न किरकोळ वाटतो, आणि एपीआय लिहिताना बहुतेक वेळा तो कोणी मुद्दाम सोडवतही नाही. हाताशी असलेले फ्रेमवर्क (ज्यावर एपीआय उभारतात तो तयार कोड) जे करील तेच उत्तर ठरून जाते. परंतु नेटवर्क तुटल्यावर तीच विनंती पुन्हा पाठवणे सुरक्षित आहे का, चुकीचा क्रमांक पाठवला गेल्याचे कोणाला आणि कधी कळेल, एखाद्या व्यक्तीची खाजगी माहिती खरोखर पुसली गेली की पुसली गेल्याचे फक्त लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या कामकाजाच्या टिपणात, लिहिले गेले, हे सगळे या एका निर्णयावर अवलंबून असते.

एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची ठरवून दिलेली रीत. वेबवरच्या एपीआयमध्ये विनंती करणारा तो क्लायंट आणि ती पुरी करणारा तो सर्व्हर. काढून टाकण्यासाठी एचटीटीपी या वेबवरच्या संवादाच्या नियमांमध्ये ‘डिलीट’ नावाची पद्धत आहे आणि प्रत्येक उत्तरासोबत तीन अंकी स्टेटस कोड येतो. २ ने सुरू होणारा कोड म्हणजे काम झाले. त्यातला २०४ म्हणजे काम झाले आणि त्यापुढे कळवण्यासारखा मजकूर नाही. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे विनंतीतच काही चुकले आहे. त्यातला ४०४ म्हणजे ‘सापडले नाही’. आपला विषय मुख्यतः या दोन कोडांपैकी कोणता पाठवावा हा आहे.

सांगणाऱ्याच्या मनात काय असते

डिलीटची आज्ञा देणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी अभिप्रेत असू शकतात. कधी त्याला केवळ शेवटची स्थिती हवी असते : ही नोंद शिल्लक राहू नये, मग ती मी काढली, आधी दुसऱ्या कोणी काढली किंवा कधी नव्हतीच, याने त्याला फरक पडत नाही. तात्पुरत्या फायली साफ करणारा प्रोग्रॅम या प्रकारचा. कधी मात्र त्याची पक्की समजूत असते की ही नोंद आहे, मी ती पाहिली आहे आणि आता ती काढतो आहे. अशा वेळी नोंद न सापडणे म्हणजे त्याच्या समजुतीत कुठेतरी चूक आहे आणि ती त्याला कळायलाच हवी. विनंतीच्या बाह्य रूपात या दोन्ही हेतूंमध्ये काहीच फरक दिसत नाही, आणि सगळी अडचण तिथूनच निर्माण होते.

वेबच्या बाहेर पाहिले तर हा पेच फार जुना आहे आणि त्याची उत्तरे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी दिली आहेत. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल काढणाऱ्या ‘आरएम’ या कमांडला नसलेल्या फाइलचे नाव दिले तर ती तक्रार करते. तिलाच ‘-एफ’ हा पर्याय जोडला तर ती मुकाट्याने यश कळवते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत अट न जुळणारी डिलीट आज्ञा चालवली तर एरर येत नाही, पण किती ओळी काढल्या याची संख्या शून्य येते. रेडिस या डेटाबेसची ‘डेल’ ही कमांडही किती नोंदी प्रत्यक्षात काढल्या तेवढा आकडा परत करते. पायथन या भाषेतल्या सेटमध्ये (सदस्यांच्या संचात) ‘रिमूव्ह’ आणि ‘डिस्कार्ड’ अशा दोन पद्धती शेजारी शेजारी आहेत : सदस्य नसेल तर पहिली एक्सेप्शन फेकते (म्हणजे चूक झाल्याचे कळवून काम थांबवते), दुसरी काहीच करत नाही. जावाच्या सातव्या आवृत्तीत ‘फाइल्स’ या वर्गात ‘डिलीट’ आणि ‘डिलीट-इफ-एक्झिस्ट्स’ अशी जोडी आली. यांतली दुसरी पद्धत खरे किंवा खोटे असे उत्तर देऊन फाइल प्रत्यक्षात काढली गेली का तेही सांगते. २०१९ साली आलेल्या पायथन ३.८ मध्ये फाइल काढण्याच्या ‘पाथलिब’मधल्या पद्धतीला ‘मिसिंग-ओके’ हा पर्याय जोडावा लागला, कारण ‘असली तर काढ’ एवढ्यासाठी प्रत्येक जण एक्सेप्शन पकडून दुर्लक्षित करणारा तोच कोड पुन्हा पुन्हा लिहीत होता.

या उदाहरणांत एक गोष्ट वारंवार दिसते. ज्यांनी या प्रश्नाचा नीट विचार केला, त्यांनी एक तर निवड विचारणाऱ्याच्या हाती दिली, नाही तर दोन्ही प्रसंगी यशच कळवले, पण काही काढले गेले की नाही याची खूण उत्तरात राहू दिली.

नेटवर्क मध्ये आले की

एकाच संगणकावर फाइल काढताना उत्तर लगेच आणि निश्चित मिळते. नेटवर्कवर तसे नसते. क्लायंटने नोंद क्रमांक ४७११ काढण्याची विनंती पाठवली, सर्व्हरने ती नोंद काढली, उत्तर पाठवले आणि ते उत्तर वाटेत हरवले, असे समजा. काही सेकंदांनी क्लायंटचा टाइमआउट होतो, म्हणजे त्याची उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपते. त्याच्या दृष्टीने दोन शक्यता आहेत : विनंती पोहोचलीच नाही, किंवा पोहोचून काम झाले पण उत्तर आले नाही. या दोहोंत फरक करण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नाही, म्हणून तो तीच विनंती पुन्हा पाठवतो. आता नोंद नाही, आणि सर्व्हर म्हणतो ४०४. क्लायंट लिहिणाऱ्याने यावर विचार केलेला नसेल, तर यशस्वी झालेले काम वापरकर्त्याला अपयश म्हणून दाखवले जाते.

यावर नेहमी असे सांगितले जाते की एचटीटीपीच्या नियमानुसार डिलीट ही आयडेम्पोटंट (कितीही वेळा केली तरी परिणाम तोच राहणारी) पद्धत आहे, तेव्हा दुसऱ्या वेळीही २०४ च दिला पाहिजे. यातले पहिले विधान बरोबर आहे आणि दुसरे त्यातून निघत नाही. एचटीटीपीचा अर्थ सांगणारे सध्याचे मानक म्हणजे जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले आरएफसी ९११० (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज). एकच विनंती अनेकदा पाठवल्याने सर्व्हरवर होणारा अपेक्षित परिणाम ती एकदा पाठवल्याइतकाच असेल, तर ती पद्धत आयडेम्पोटंट, असे त्यात म्हटले आहे. आणि उत्तर वेगळे आले तरी हा गुण टिकतो, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. पहिल्या वेळी २०४ आणि दुसऱ्या वेळी ४०४ देणारा एपीआय या कसोटीवर पूर्णपणे उतरतो, कारण दोन्ही वेळा शेवटची स्थिती एकच आहे : नोंद नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की कोडच्या रिव्ह्यूमध्ये तो नियम म्हणून पुढे केला जातो, म्हणून त्यावर इतके लिहिणे भाग पडले.

मानक इथे थांबते आणि निवड एपीआय लिहिणाऱ्यावर सोपवते. त्यामुळे मोठ्या संस्थांची धोरणे एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अॅझूर सेवांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की नोंद नसली तरी २०४ द्या, ४०४ देऊ नका. गूगलच्या एपीआय-रचनेच्या नियमांतला १३५ क्रमांकाचा नियम सांगतो की नोंद नसेल तर ‘सापडली नाही’ हीच एरर द्या, मात्र विनंतीत ‘अलाउ-मिसिंग’ हा पर्याय मागितला असेल तर यश कळवा. अॅमेझॉनच्या एस-३ साठवणुकीत नसलेली वस्तू काढायला सांगितली तरी २०४ येतो. गूगलच्या क्लाउड स्टोरेजमध्ये ४०४ येतो. दोन्हीकडे जाणकार माणसे आहेत, आणि दोन्ही निर्णयांमागे कारणे आहेत.

नेहमी यश कळवण्यात काय हरवते

२०४ च्या बाजूचा युक्तिवाद आकर्षक आहे. क्लायंट लिहिणे सोपे होते, विनंती डोळे झाकून पुन्हा पाठवता येते आणि दोन क्लायंटनी एकाच वेळी तीच नोंद काढली तर दोघांनाही समाधानकारक उत्तर मिळते. याची किंमत मात्र लगेच दिसत नाही. एक प्रसंग तपशिलात पाहू.

एका कंपनीच्या मुख्य प्रणालीत एका वापरकर्त्याचा आयडी ८१२०४ आहे. त्याच व्यक्तीच्या वापराचा इतिहास दुसऱ्या सेवेत साठवला जातो, आणि तिथे आयडीच्या आधी खात्याचा प्रकार दर्शवणारे अक्षर जोडलेले आहे. वापरकर्ता आपली सगळी माहिती पुसण्याची मागणी करतो. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने काही अटींवर हा हक्कच दिला आहे. मुख्य प्रणाली प्रत्येक सेवेला डिलीटची विनंती पाठवते, आणि इतिहासाच्या सेवेलाही ८१२०४ हाच आयडी जातो, त्याआधीचे अक्षर न लावता. त्या सेवेकडे अशी नोंद नाही. ती २०४ देते. मुख्य प्रणाली ‘सर्व ठिकाणची माहिती पुसली’ असे लॉगमध्ये लिहिते आणि वापरकर्त्याला तसे पत्र जाते. इतिहास जागच्या जागी आहे. असेच पुढच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या बाबतीत होत राहते, आणि एकाही लॉगमध्ये एकही एरर दिसत नाही. सेवेने ४०४ दिला असता तर पहिल्याच चाचणीत ही चूक पकडली गेली असती.

माझे मत इथे ठरते. सर्व्हरने ‘सापडली नाही’ असे कळवले, तर ज्या क्लायंटला केवळ शेवटची स्थिती हवी आहे तो त्या उत्तराला यश मानू शकतो. त्यासाठी त्याला एक ओळ लिहावी लागते. सर्व्हर वगैरे कोडने उभारणाऱ्या टेराफॉर्मसारख्या साधनांचे प्रोव्हायडर (एकेका सेवेशी बोलणारे भाग) हेच करतात : काढताना ४०४ आला तर वस्तू आधीच गेलेली आहे असे समजून पुढे जातात. उलट सर्व्हरने सरसकट २०४ दिला, तर त्यातून हरवलेली माहिती क्लायंटला कोणत्याही उपायाने परत मिळवता येत नाही. आधी एक विनंती पाठवून नोंद आहे का ते पाहावे म्हटले, तर ती विनंती आणि डिलीट यांच्या मध्ये दुसरा कोणी ती नोंद काढू शकतो. म्हणून मूळ वर्तन ४०४ चे ठेवावे आणि ‘नसली तरी चालेल’ हे सांगण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा, असे मला वाटते. एखाद्या संघाला २०४ च हवा असेल, तर त्याऐवजी २०० देऊन उत्तराच्या मजकुरात काढलेल्या नोंदींची संख्या द्यावी, म्हणजे निदान शून्य तरी दिसेल.

या मताला एक गंभीर आक्षेप आहे. ४०४ या एकाच कोडवर फार अर्थ लादलेले आहेत. नोंद नाही म्हणून ४०४ येतो, यूआरएलमध्ये टायपिंगची चूक आहे म्हणूनही येतो, आणि मधल्या प्रॉक्सीला (विनंत्या पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरला) विनंती कुठे पाठवायची ते कळले नाही म्हणूनही येतो. क्लायंट प्रत्येक ४०४ ला यश मानू लागला, तर सेवेचा पत्ता बदलल्या दिवशी त्याची सगळी डिलीट ‘यशस्वी’ होतील आणि प्रत्यक्षात एकही नोंद हलणार नाही; म्हणजे वरच्या उदाहरणातली फसगत नव्या वाटेने परत येईल. त्यामुळे कोडसोबत यंत्राला वाचता येईल असे कारणही पाठवले पाहिजे. एररचा तपशील कसा पाठवावा याचे मानक उपलब्ध आहे : जुलै २०२३ चे आरएफसी ९४५७, ज्याने २०१६ च्या आरएफसी ७८०७ ची जागा घेतली. त्यातल्या ‘टाइप’ या घटकात ‘नोंद अस्तित्वात नाही’ असे निश्चित कारण दिले, तर क्लायंट फक्त त्याच ४०४ ला यश मानू शकतो आणि बाकीच्यांवर थांबू शकतो.

त्याच नावाची नवी नोंद

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले की एकदा गेलेली नोंद परत येत नाही. नोंदीला माणसाने दिलेले नाव असेल तर हे गृहीतक टिकत नाही, आणि मग आयडेम्पोटंट म्हणवणारी विनंतीही नुकसान करू शकते.

‘मुख्य’ नावाची एक रांग आहे, जिच्यात प्रक्रियेसाठी थांबलेली कामे ठेवली जातात. पहिला क्लायंट ती काढण्याची विनंती पाठवतो. सर्व्हर ती काढतो, पण उत्तर हरवते. दोन सेकंदांनी दुसरा क्लायंट त्याच नावाची नवी रांग तयार करतो आणि तिच्यात कामे टाकू लागतो. आणखी तीन सेकंदांनी पहिल्या क्लायंटचा टाइमआउट होऊन तो डिलीट पुन्हा पाठवतो. सर्व्हरला ‘मुख्य’ नावाची रांग सापडते, तो ती काढतो आणि २०४ देतो. पहिला क्लायंट समाधानी आहे, दुसऱ्याची कामे गेली आहेत, आणि नियमाचा भंग कोणीही केलेला नाही. आयडेम्पोटंट असण्याची हमी त्याच विनंत्यांच्या पुनरावृत्तीबद्दल असते. मधल्या वेळेत इतर कोणी काही करणार नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही. २०४ की ४०४ हा वाद या प्रसंगात निरुपयोगी आहे, कारण इथे नोंद सापडते, फक्त ती भलतीच असते.

उपाय दोन आहेत. नोंदीला पुन्हा कधीही न वापरला जाणारा आयडी द्यावा, उदाहरणार्थ यूयूआयडी, आणि डिलीट त्या आयडीवरच स्वीकारावे. हे शक्य नसेल तर विनंतीसोबत अट पाठवण्याची सोय करावी : ‘मी पाहिलेली आवृत्ती अजून तीच असेल तरच काढ’. एचटीटीपीमध्ये यासाठी ‘ईटॅग’ ही आवृत्तीची खूण आणि ‘इफ-मॅच’ हे हेडर आहे. खूण जुळली नाही तर सर्व्हर ४१२ देतो. गूगल क्लाउड स्टोरेजमध्ये हेच काम जनरेशन क्रमांकाने करता येते. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीमध्ये डिलीटसोबत वस्तूचा यूआयडी (तिचा एकमेव आयडी) देता येतो, आणि तो जुळला नाही तर विनंती ४०९ देऊन नाकारली जाते. तिथे ही गरज रोजची आहे, कारण स्टेटफुलसेटमधला (ठरावीक नावे असलेल्या पॉडच्या गटातला) एखादा पॉड, म्हणजे कंटेनर चालवणारा एकक, काढला की त्याच नावाचा दुसरा पॉड आपोआप उभा राहतो, आणि उशिरा पोहोचलेली दुसरी विनंती त्या नव्या पॉडवर पडू शकते.

सर्व्हरलाच माहीत नसेल तर

काही प्रणालींमध्ये नोंद होती की नाही हे सांगणेच महाग पडते, आणि तिथे सरसकट यश कळवणे मला योग्य वाटते. कॅसँड्रा या विखुरलेल्या डेटाबेसमध्ये डिलीट म्हणजे प्रत्यक्षात एक लेखन असते : ‘ही नोंद पुसली’ अशी टूमस्टोन नावाची खूण लिहिली जाते, आणि ती लिहिण्याआधी नोंद आहे का ते पाहिले जात नाही. नसलेल्या नोंदीसाठीही टूमस्टोन लिहिला जातो आणि तो मूळ सेटिंगनुसार किमान १० दिवस ठेवला जातो, म्हणजे तेवढ्या काळात बंद असलेला नोड (डेटाबेस चालवणाऱ्या संगणकांपैकी एक) परत आल्यावर जुनी नोंद पुन्हा जिवंत होऊ नये. ‘असेल तरच काढ’ अशी अट इथेही घालता येते, पण त्यासाठी नोड्सना आपसात सहमती करावी लागते आणि विनंती बरीच मंदावते. अॅमेझॉनच्या डायनामोडीबी या डेटाबेसमध्ये नसलेली नोंद काढली तर एरर येत नाही, परंतु ज्याला हवे त्याला काढलेल्या नोंदीचे जुने मूल्य परत मागता येते किंवा ती असण्याची अट घालता येते. प्रचंड आकाराच्या प्रणालीत हा तोडगा मला समाधानकारक वाटतो.

परवानगीचा प्रश्न याच्या शेजारीच उभा आहे. दुसऱ्याच्या नोंदीवर ४०३ म्हणजे ‘मनाई’, आणि नसलेल्या नोंदीवर ४०४ असे वेगवेगळे उत्तर दिले, तर आयडी बदलत जाऊन कोणत्या नोंदी अस्तित्वात आहेत याची यादी कोणालाही करता येते. म्हणून परवानगी नसलेल्याला दोन्ही प्रसंगी एकच उत्तर मिळाले पाहिजे. गूगलचा वर उल्लेखलेला नियम दोन्हींसाठी ‘परवानगी नाही’ म्हणतो. कोड साठवण्याची सेवा असलेले गिटहब खाजगी रेपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) बाबतीत ४०४ देते, आणि आरएफसी ९११० मध्ये त्याला स्पष्ट मुभा आहे. कोणतेही चालेल, पण परवानगीची तपासणी नोंद शोधण्याच्या आधी व्हायला हवी किंवा निदान उत्तरावरून तो क्रम ओळखता येऊ नये.

४१० या कोडबद्दल थोडक्यात : नोंद होती आणि कायमची गेली हे सर्व्हरला खात्रीने माहीत असेल तर तो देता येतो. त्यासाठी गेलेल्या नोंदींची आठवण ठेवावी लागते, आणि तेवढ्या फायद्यासाठी ती ठेवणे क्वचितच परवडते.

जे काही ठरेल ते लिहून ठेवले पाहिजे, कारण लिहिलेले नसले तरी लोक त्यावर अवलंबून राहतातच. स्प्रिंग डेटा जेपीए या जावाच्या डेटाबेस-लायब्ररीमध्ये आयडीवरून नोंद काढणारी पद्धत पूर्वी नोंद नसल्यास एक्सेप्शन फेकत असे. तिसऱ्या आवृत्तीपासून ती काही न बोलता पुढे जाते. जे एपीआय त्या एक्सेप्शनचेच ४०४ मध्ये रूपांतर करत होते, त्यांचे उत्तर लायब्ररी बदलताच २०४ झाले आणि त्यांच्या स्वतःच्या कोडमध्ये एकही ओळ बदललेली नव्हती. हे टाळायचे तर चाचणीत निदान चार विनंत्या असाव्यात : असलेल्या नोंदीसाठी एक, लगेच तीच पुन्हा, कधीच नसलेल्या आयडीसाठी एक आणि दुसऱ्याच्या मालकीच्या नोंदीसाठी एक. प्रत्यक्ष वापरात, उत्तर कोणतेही देत असलात तरी, नोंद न सापडलेल्या डिलीटची संख्या सर्व्हरवर वेगळी मोजावी. पुन्हा पाठवलेल्या विनंत्यांमुळे ती कधीच शून्य नसते, पण एखादी नवी आवृत्ती आल्यानंतर ती एकाएकी वाढली, तर बहुधा कोणीतरी चुकीचा आयडी पाठवू लागलेला असतो.